साभार परत

कथा लिहून झाली. दोनदा तपासून झाली. एका मैत्रिणीने 'छान जमलीये' म्हणूनही झालं. आता ही पाठवायची कुठे?

उन्हाळा संपत आला की व्हॉट्सअ‍ॅपच्या साहित्यिक ग्रुपांवर या प्रश्नाचं एक तयार उत्तर फिरू लागतं. पीडीएफ असते. तीत दिवाळी अंकांची नावं, ईमेल, कधीकधी संपादकांचे फोन नंबर, आणि खाली 'नवोदितांनी लाभ घ्यावा'. नवोदित लाभ घेतात. एक कथा, एक ईमेल, आणि 'प्रति'च्या रकान्यात एकदम चाळीस पत्ते. मग दिवाळी येते आणि जाते. चाळीसपैकी एकाचंही उत्तर आलेलं नसतं. पुढच्या मे महिन्यात तीच पीडीएफ पुन्हा येते.

या यादीवर माझा राग आहे, आणि तो पत्ते जुने असतात म्हणून नाही. ती यादी असं धरून चालते की सगळे अंक सारखेच आहेत. म्हणजे कथा ही लग्नपत्रिका आहे, जितक्या घरी टाकाल तितकं बरं. खरा वैताग पुढे आहे: बऱ्याच अंकांनी हे खरं ठरवलंय.

इंग्रजीत कथा लिहिणारे या शोधाला सरळ 'मार्केट शोधणं' म्हणतात. आपण बाजार शब्द आला की नाक मुरडतो. साहित्य 'पाठवायचं' असतं, त्याला 'मानधन' असतं, दर नसतो. पण अमेरिकेतली विज्ञानकथा छापणारी मासिकं बघा. किती शब्दांपर्यंतची कथा चालेल, कोणत्या प्रकारच्या कथांचा कंटाळा आलाय, एकाच वेळी दुसरीकडे पाठवलेली चालेल का, पैसे किती, हे सगळं कथा मागण्याआधी लिहिलेलं असतं. तिथल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेने २०१९ पासून शब्दाला आठ सेंट हा व्यावसायिक दर धरलाय. त्यापेक्षा कमी देणारी मासिकंही आहेत, पण तेही तसं सांगतात. बाजार म्हणण्यात निदान एवढा प्रामाणिकपणा आहे की दोन्ही बाजूंना काय हवंय ते उघड बोललं जातं. मराठीत 'दर्जेदार, अप्रकाशित साहित्य पाठवावे' एवढ्यावर भागवलं जातं. दर्जेदार म्हणजे काय, हे लेखकाने ओळखायचं.

ओळखायचं कसं, याचं एक उत्तर पूर्वी होतं. नकारातून.

'साभार परत' हे दोन शब्द आजच्या विशीतल्या लेखकाला कदाचित कुणी म्हटलेलेच नसतील. टपालाच्या काळात कथेसोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट जोडायचं. कथा नापसंत झाली तर त्याच पाकिटातून ती घरी यायची. स्वतःच्या अक्षरातला स्वतःचाच पत्ता पोस्टमनच्या हातात दिसला की पाकीट न फोडताही निकाल कळायचा. अपमान होताच. पण त्या अपमानात एक माहिती होती: कुणीतरी ही पानं हातात घेतली होती. आणि काही मासिकांकडून नुसती कथा परत येत नसे, सोबत पत्रही येई.

'सत्यकथा' त्यातलं सगळ्यात गाजलेलं. १९३३ साली सुरू झालेलं हे मासिक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली ज्या उंचीला गेलं, त्याबद्दल खूप लिहून झालंय. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ही नवकथेची नावं कुठल्याही अभ्यासक्रमात सापडतील. मला त्यातला संपादनाचा भाग महत्त्वाचा वाटतो. पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहीत. शेवट का पटत नाही, अमुक पात्र कथेत नेमकं कशाला आहे, मधली दोन पानं गेली तर काय बिघडेल, असले प्रश्न विचारत, पुन्हा लिहायला लावत. म्हणजे मासिकाला स्वतःचा चेहरा होता आणि तो लेखकाला आधीच दिसत होता. घटनेपेक्षा माणसाच्या मनात काय चाललंय यावर भर, शब्दांची काटकसर, भाबड्या भावनांचा तिटकारा. हे पटत असेल तर इथे पाठवा. नसेल तर हंस, किर्लोस्कर, मोहिनी होतेच.

आता यावर कुणी म्हणेल की तो तर दरबार होता. बरोबर आहे. ज्या जागेला चेहरा असतो तिला दारही असतं, आणि दार असलं की काही माणसं बाहेर राहतात. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो', नेमाड्यांचं 'वाचा' अशी लघु-अनियतकालिकं निघाली ती या दाराचा वैताग येऊनच. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी सत्यकथेची जाहीर होळी केली. त्याच दशकाच्या अखेरीला औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' सुरू झालं आणि दलित लेखकांच्या एका अख्ख्या पिढीला आपलं लिहिणं पाठवायला पत्ता मिळाला. ज्यांच्या कथेतली भाषा, वस्ती, राग हे प्रस्थापित मासिकांच्या रुचीत बसत नव्हतं, त्यांनी 'आम्हालाही छापा' अशी विनवणी करत बसण्यापेक्षा स्वतःचं मासिक काढलं.

मला या भांडणाचा हेवा वाटतो. कारण भांडायला समोर काहीतरी होतं. सत्यकथेची होळी करता येते. कारण तिला अमुक प्रकारची कथा आवडते आणि अमुक प्रकारची आवडत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. आजच्या शे-दोनशे पानी, गुळगुळीत मुखपृष्ठाच्या एखाद्या दिवाळी अंकाची होळी कशासाठी करणार? त्याचं म्हणणं काय आहे, हेच कळत नाही. एक मुलाखत, एक पाककृती, एक राजकीय विश्लेषण, पाच कथा, बारा कविता, वार्षिक भविष्य. पुढच्या वर्षी तेच, फक्त मुलाखत दुसऱ्याची.

दिवाळी अंक ही खरं तर आपली मोठी मिरवण्यासारखी गोष्ट. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आलीये, आणि दर वर्षी अंक शेकड्यांनी निघतात. पण सत्यकथा १९८२ मध्ये बंद पडली, पुढे एकेक करून बरीच मासिकं आटली, आणि मराठी कथेचं जवळजवळ सगळं घरदार त्या एका महिन्यात येऊन पडलं. याचा कथेवर काय परिणाम झाला, हे कुणी फारसं बोलत नाही.

एक तर, मासिकाचा संपादक लेखकाशी वर्षभर बोलू शकतो. ही कथा परत करतो, पुढची बघतो, तिसरी छापतो. दिवाळी अंकाच्या संपादकाकडे एकच संधी असते. जाहिराती जमवायच्या, चित्रं काढून घ्यायची, छापखान्याची तारीख गाठायची. बहुतेक अंकांचा खर्च विक्रीपेक्षा जाहिरातींवर निघतो, आणि जाहिरात देणारी सहकारी बँक कथेचा शेवट तपासत नाही. मुखपृष्ठावरच्या नावांची यादी मात्र तिला दिसते. म्हणून आधी ओळखीच्या नावांना फोन जातात, त्यांच्याकडून कथा 'घेतल्या' जातात, आणि उरलेल्या जागेत ईमेलवर आलेलं बसतं. नावाजलेल्या लेखकालाही हे बाधतं. एका पावसाळ्यात सहा अंकांना होकार दिला की सहावी कथा कशी असेल? तुम्ही वाचली आहे ती. पहिल्या पानावर ओळखता येते.

आणि नव्याचं काय होतं? माझी एक कथा छापून आल्याचं मला कळलं, ते एका अनोळखी वाचकाने वाचनालयातल्या अंकाच्या पानाचा फोटो पाठवला तेव्हा. अंकाचं नाव सांगत नाही. होकार नव्हता, नकार नव्हता, मानधनाचा विषयच सोडा, अंकही घरी आला नाही. शेवटचा परिच्छेद जागेत न बसल्यामुळे उडवला होता. फोटो पाठवणाऱ्या काकांनी लिहिलं होतं, 'शेवट मोकळा ठेवलात, ते आवडलं.'

तर मग कुठे पाठवायचं? पत्त्यांची यादी बाजूला ठेवून अंक समोर घ्यायला हवा. नवा नको. मागच्या दोन वर्षांचे. नवा अंक महाग असतो. जुने वाचनालयात मिळतात, रद्दीच्या दुकानात पडलेले असतात, काही ऑनलाइनही असतात. अनुक्रमणिकेवर बोट ठेवून बघा: कथा किती, त्यातली तुम्ही आधी कधीच न ऐकलेली नावं किती. दोन्ही वर्षी शून्य असतील तर तिथे कथा पाठवणं म्हणजे बंद दुकानाचं शटर वाजवणं. मग कथांची पानं मोजा. सगळ्या सहा-सात पानांत संपत असतील, तर तुमची नऊ हजार शब्दांची कथा कितीही थोर असली तरी तिथे बसणार नाही. आणि मग त्या कथा वाचा. हे शेवटचं काम बहुतेक जण करत नाहीत. ज्या अंकातली एकही कथा आपल्याला आवडली नाही, त्या अंकाला आपली आवडेल असं आपल्याला का वाटतं?

वाचलं की काही जागांचे चेहरे अजून शाबूत आहेत हे लक्षात येतं. उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या डोक्यात एवढंच आहे: संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये रॅकवर एक कापडी पिशवी राहून गेलीये.

ही पिशवी कुणाची, ती घ्यायची की नाही, यावरून डब्यातल्या सगळ्यांची बडबड सुरू झाली, गोंधळ वाढत गेला, तर कथा 'आवाज'च्या दिशेने निघालीये. मधुकर पाटकरांनी सुरू केलेला तो अंक अनेकांना खिडकीचित्रांमुळे आठवतो, पण विनोदी कथेला हक्काची जागा असणं ही त्याची खरी कमाई. पिशवीत काय आहे हा प्रश्न तुम्ही लांबवत नेला, आणि उत्तर कळल्यावर वाचकाच्या मानेवर काटा यावा असं तुम्हाला वाटतंय, तर 'धनंजय' आहे. रहस्य, भय, विज्ञान अशा कथांसाठी तो कित्येक वर्षं ओळखला जातो. पिशवी विसरलेली बाई घरी पोचली, तिला आठवलं, आणि तरी ती हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर गेलीच नाही, का गेली नाही हे तिलाही नीट सांगता येत नाही, तर तुम्ही 'मौज'च्या वाचकासाठी लिहिताय. पिशवी एका दहा वर्षांच्या पोरीला सापडली तर बालभारतीचं 'किशोर' बघा. ते १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. मुलांसाठी लिहू म्हणणाऱ्या माणसाने ते न वाचणं हा शुद्ध आळस.

यात गंमत अशी की पिशवी एकच असली तरी या चार कथा वेगळ्या आहेत. तिसऱ्या पानापर्यंत कथेने आपली जागा निवडलेली असते. लेखकाला फक्त ती ओळखायची असते. लोक उलटं करतात. बाईने पिशवी आणायला न जाण्याची कथा लिहितात आणि शेवटी पिशवीत बाळ निघतं असं जोडतात, कारण कुणीतरी सांगितलं की दिवाळी अंकाला धक्का लागतो. त्या कथेला मग कुठलाच अंक राहत नाही.

विज्ञानकथेच्या बाबतीत एक प्रसंग मराठीत सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण तो नेहमी नम्रतेची गोष्ट म्हणून सांगितला जातो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून 'नारायण विनायक जगताप' असं टोपणनाव घेतलं आणि हस्ताक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. मला यात दिसते ती जागेची निवड. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ कुठल्याही संपादकाला फोन करू शकला असता आणि कथा न वाचता छापली गेली असती. त्याने अशी जागा शोधली जिथे विषय आधीच ठरलेला आहे आणि वाचणाऱ्याला नाव कळणार नाही. नारळीकरांना नाव लपवायचं होतं. तुमच्या-माझ्याकडे लपवण्यासारखं नाव नाही. पण दोघांनाही जागा तीच लागते. नाव झाकून वाचणारी स्पर्धा ही नवोदितांसाठी भरवलेली बालवाडी नव्हे. एखादी कथा फक्त कथा म्हणून वाचली जाईल अशी खात्री आपल्याकडे जवळपास तिथेच मिळते.

अर्थात स्पर्धा म्हटलं की तिथेही भामटे आलेच. प्रवेशशुल्क घेऊन 'उत्कृष्ट' प्रमाणपत्राची पीडीएफ सगळ्यांना पाठवणाऱ्या स्पर्धा असतात. 'प्रातिनिधिक कथासंग्रह' असतात, ज्यात निवड झाल्याचं अभिनंदन पहिल्या ओळीत आणि किमान दहा प्रती विकत घेण्याची अट चौथ्या ओळीत असते. इथे बाजार आहे, फक्त गिऱ्हाईक तुम्ही आहात. यांच्याबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

फोनवर वाचणाऱ्या पिढीसाठी मधली पायरीच गेली, असं काही जण म्हणतात. प्रतिलिपीवर टाका, फेसबुकवर टाका, संपादक हवाय कशाला? प्रतिलिपीला हसणाऱ्यांतला मी नाही. तिथे भागाभागाने लिहिणाऱ्या बायकांना जितके वाचक मिळतात तितके कित्येक दिवाळी अंकांना मिळत नसतील, आणि रोज रात्री पुढचा भाग मागणारा वाचक लेखकाला शिस्त लावतो हे खरं आहे. पण तिथे नकार नाही. सगळंच घेतलं जातं, म्हणून काहीच निवडलं जात नाही, आणि कथा कुठे फसली हे आकड्यांवरून कळत नाही. वाचक तिसऱ्या भागात गळाले एवढं दिसतं. का गळाले, हे पटवर्धनांच्या पत्रात असायचं. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट: अंक 'अप्रकाशित' कथा मागतात, आणि फेसबुकच्या भिंतीवर टाकलेली कथा अनेक संपादकांच्या लेखी छापून झालेली असते. आधी अंकाला पाठवा, मग भिंतीवर टाका. क्रम उलटा केला की परतीची वाट राहत नाही.

मायबोलीसारख्या संकेतस्थळांनी या शतकाच्या सुरुवातीलाच ऑनलाइन दिवाळी अंक काढले, 'ऐसी अक्षरे'ने पुढे ते केलं. तिथे लेखनावर संपादन व्हायचं, शुद्धलेखन तपासलं जायचं, आणि कथेखाली वाचक बिनदिक्कत भांडायचे. पानांची मर्यादा नसल्यामुळे लांबीचं बंधन सुटलं. जाहिरातीची गरज नसल्यामुळे नावांचंही सुटलं. पैसे मात्र कुणाला मिळाले नाहीत, संपादकांनाही नाही. हौसेवर चाललेली जागा किती वर्षं चालणार, हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही.

संपादकांच्या बाजूनेही थोडं. चाळीस पत्त्यांवर गेलेली कथा चाळीस जणांचा वेळ खाते. २०२३ च्या फेब्रुवारीत 'क्लार्क्सवर्ल्ड' या अमेरिकन विज्ञानकथा मासिकाने कथा स्वीकारणं काही काळ बंदच केलं, कारण एआयकडून लिहून घेतलेल्या कथांचा लोंढा आला होता. एका बटणात कथा आणि दुसऱ्या बटणात चाळीस पत्ते, हे आपल्याकडेही अवघड नाही. त्यामुळे मराठी संपादकाने सगळ्यांना लांब पत्रं लिहावीत, अशी माझी अपेक्षा नाही. पटवर्धनांनीही सगळ्यांना लिहिली नसतील.

पण एक पान मागता येईल. अंकाच्या शेवटी, भविष्याच्या आधी, अर्धं पान चालेल. पुढच्या वर्षी कथा कधीपर्यंत पाठवायची. किती शब्दांची. युनिकोडमध्ये हवी की कशी. मानधन आहे का, असेल तर किती, नसेल तर 'नाही' असं. या वर्षी ईमेलवर आलेल्या कथांपैकी किती छापल्या. आणि अमुक तारखेपर्यंत आमचं उत्तर आलं नाही तर कथा दुसरीकडे पाठवायला तुम्ही मोकळे. यातल्या शेवटच्या ओळीला एक पैसा लागत नाही.

तोवर लेखकाने स्वतःपुरती तारीख धरावी. दिवाळी संपली की अंक वाचायचे, मार्चच्या आत एका जागी कथा पाठवायची, सोबत चार ओळींचं पत्र आणि त्यात त्या अंकातली कुठली कथा आवडली ते. मे अखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर एक स्मरणपत्र टाकायचं, पंधरा दिवस थांबायचं, आणि 'ही कथा मी मागे घेत आहे' असा ईमेल करून पुढच्या जागेकडे वळायचं. तो ईमेल कुणी वाचेलच असं नाही. पण त्याची तारीख तुमच्याकडे राहते, आणि दिवाळीत तीच कथा दोन अंकांत दिसली तर ती दाखवता येते.